‘बंदराचा परिसर’ : गोदीचा कायदा, कंटेनर आणि दापोडे

भिवंडी आज यंत्रमागांकरिता आणि गुदामांकरिता ओळखली जाते. परंतु एके काळी ती स्वतःच एक बंदर होती. 1657 साली कल्याण-भिवंडीचा मुलूख हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराच्या उभारणीस ह्याच खाडीच्या आश्रयाने आरंभ केला. 1853 साली ठाण्यापर्यंत व 1854 साली कल्याणपर्यंत आगगाडी आली, आणि तिच्या वाटेवरून बाजूला पडलेल्या भिवंडीचा खाडीवरचा व्यापार हळूहळू मंदावत गेला. ह्या शहराच्या दक्षिणेस, अंजूरफाटा-माणकोली रस्त्याच्या परिसरात, वळ, पूर्णा, गुंदवली ह्या गावांच्या शेजारी दापोडे आहे. भाताची खाचरे, खाडीकडे खारजमीन, आगरी व कोळी वस्ती असे ह्या पट्ट्यातील गावांचे पूर्वीचे रूप. आता तेथे पत्र्याच्या छपरांची गुदामे ओळीने उभी आहेत, आणि न्हावा-शेवा येथे उतरलेल्या लोखंडी पेट्या सुमारे पन्नास किलोमीटरांचा प्रवास करून त्यांच्या दारात उघडल्या जातात. जे काम पूर्वी मुंबईच्या गोदीत होत असे, तेच काम दापोड्यात होत असताना त्याला गोदीचा कायदा का लागला नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मुंबईची प्रिन्सेस गोदी 1880 साली, व्हिक्टोरिया गोदी 1888 साली आणि अलेक्झांड्रा (पुढे इंदिरा) गोदी 1914 साली सुरू झाली. ह्या गोद्यांतील कामगार दीर्घ काळ रोजंदारीवरच होता. जहाज आले की मुकादम टोळी उभी करी. जहाज नसेल त्या दिवशी मजुरी नसे. पुढे कामगार संघटित झाले, पी. डिमेलो ह्यांच्यासारखे पुढारी त्यांच्यातून निघाले, आणि 1948 साली गोदी कामगारांच्या सेवानियमनाचा केंद्रीय कायदा झाला. कामगारांची नोंदणी, काम वाटून देण्याची पाळी आणि काम न मिळाल्यास हजेरीभत्ता ह्या तीन गोष्टींची तरतूद ह्या कायद्याखालील योजनांनी केली. एवढ्याने गोदीतल्या माणसाच्या जगण्याला प्रथमच काही स्थैर्य आले.

ह्या कायद्यातील व्याख्येकडे अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. गोदी कामगार कोण, तर बंदरात अथवा बंदराच्या परिसरात मालाची चढउतार, हालचाल किंवा साठवण ह्यांच्याशी संबंधित काम करणारा. म्हणजे साठवणीचे कामही गोदीकामच होय, हे 1948 च्या विधिमंडळाला मान्य होते. अडचण ‘परिसर’ ह्या शब्दात होती. परिसर किती, हे मोजून सांगण्याची गरज त्या वेळी कोणासच भासली नाही. आणि ते स्वाभाविकच होते. पोती, गासड्या, खोकी हा सुटा माल धक्क्यावर उतरे, शेजारच्या शेडमध्ये रचला जाई आणि तेथूनच गाडीत भरला जाई. धक्क्यापासून फार दूर जाऊन करण्याजोगे त्यात काही उरत नसे.

26 एप्रिल 1956 रोजी अमेरिकेतील नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ हे जहाज 58 पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघाले, तेव्हा ह्या व्याख्येचा पायाच हलला. माल कारखान्यात पेटीत भरावयाचा, पेटी न उघडता ती जहाजावर चढवावयाची आणि शेवटी मालाच्या धन्याच्या दारात उघडावयाची, अशी ही पद्धत. पेटीमुळे हमाली नाहीशी झाली असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. धक्क्यावरची हमाली नाहीशी झाली. पेटीत माल भरणारे व रिकामा करणारे हात लागतच राहिले. ते फक्त धक्क्यावरून हलले.

ज्या देशांत हा बदल आधी आला, तेथे वाद नेमका अंतराचा झाला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील गोदी कामगार संघटनेने मालकांशी करार करून असा नियम मिळविला, की बंदरापासून 50 मैलांच्या आत उघडावयाच्या ठराविक प्रकारच्या पेट्या धक्क्यावरच, गोदी कामगारांच्याच हातून उघडल्या जाव्यात. मालाचा धनी स्वतःच्या नोकरांकडून पेटी उघडून घेत असेल, तर त्याला सूट होती. हा नियम 1980 व 1985 असा दोनदा तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि आपले परंपरागत काम राखण्याचा कामगारांचा हा प्रयत्न बेकायदा नाही असा निर्णय झाला. इंग्लंडात ह्याच प्रश्नावरून 1972 साली लंडनचे पाच गोदी कामगार तुरुंगात गेले. 1976 च्या गोदीकाम कायद्याच्या मसुद्यात बंदराभोवती पाच मैलांचा पट्टा सुचविलेला होता. तो कमी होत होत अर्ध्या मैलावर आला. पुढे 1989 साली तेथील गोदी कामगार योजनाच रद्द झाली. ह्या तपशिलाचे येथे प्रयोजन इतकेच, की 50 मैल म्हणजे सुमारे 80 किलोमीटर. ते माप न्हावा-शेव्याला लावले असते तर दापोडे त्याच्या आत पडले असते.

भारतात पहिले कंटेनर जहाज 1973 साली कोचीनला आले. न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. तेथील सामाजिक परिणामांची कथा महाराष्ट्रात सुपरिचित आहे. सिडकोची स्थापना 1970 साली झाली. नव्या मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. 16 व 17 जानेवारी 1984 रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्यू पावले, आणि त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना निघाली. शेवा कोळीवाड्याचे कोळी उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसविले गेले. त्या नव्या घरांना वाळवीने पोखरले. 2015 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील खंडपीठाने पारंपरिक मच्छीमारांच्या 1630 कुटुंबांना सुमारे 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मासेमारीची खाडी सातबाऱ्यावर नसते. तिची किंमत न्यायासनाने मोजावी, ही लहान गोष्ट नव्हे.

ह्या साऱ्या लढ्यांत एक समान धागा आहे. बंदराने काहीतरी उघडपणे घेतले होते. जमीन घेतली तेथे 1894 चा भूसंपादन कायदा होता, नोटीस होती, निवाडा होता; म्हणून भांडावयास प्रतिपक्ष होता. दापोड्यात बंदराने एक गुंठाही संपादन केला नाही. तेथे बंदर आले ते भाडेकरू म्हणून.

ते कसे आले हे पाहण्यासाठी जमिनीच्या कायद्यांकडे वळले पाहिजे. कुळकायदा 1948 चा, म्हणजे गोदीकायद्याच्याच वर्षाचा; 1 एप्रिल 1957 ह्या कृषकदिनी कुळे जमिनीची मालक झाली. मुंबई राज्याचा खारजमिनींचा कायदाही 1948 चाच. ह्या कायद्यांनी ठाणे जिल्ह्यातील आगरी-कुणबी कुळाच्या हाती जमीन दिली. परंतु कलम 43 ने ती विकण्यास, गहाण टाकण्यास किंवा पट्ट्याने देण्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक केली, आणि कलम 63 ने बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेण्यास मज्जाव केला. हेतू चांगला होता: जमीन पुन्हा सावकाराकडे जाऊ नये. पुढे 2014 च्या दुरुस्तीने दहा वर्षे लोटलेल्या जमिनींच्या विक्रीवरील परवानगीची अट आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून घेऊन सैल करण्यात आली.

दरम्यान दुसरे एक कारण बळावत होते, ते म्हणजे जकात. मुंबई महानगरपालिकेच्या जकातनाक्याच्या बाहेर, परंतु शहराच्या दारात माल ठेवला तर विक्री होईपर्यंत जकात टळे. आग्रा रोड हाताशी, जमीन स्वस्त, आणि भात पिकविण्यात उरत नव्हते काहीच. ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 52 प्रमाणे गावच्या हद्दीत इमारतीला पंचायतीची परवानगी लागते. ती मिळविणे सोपे होते. परंतु तिने जमिनीचा वापर बदलत नाही. त्यासाठी त्या काळी जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 44 खाली अकृषिक परवानगी घ्यावी लागे आणि त्याच वर्षीच्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे नियम पाळावे लागत. पुष्कळ ठिकाणी पहिला कागद हाच शेवटचा कागद मानला गेला. 2007 साली भिवंडीभोवतालच्या गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, तोवर गुदामे उभी राहिली होती. नियोजन त्यांच्या मागून आले.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर येऊन जकात संपली. जकातीपोटी आलेली गुदामे जकातीबरोबर जातील असा तर्क कोणी केला असता तर तो चुकला असता. राज्याराज्यांत लहान कोठारे राखण्याचे कारण उरले नाही, आणि मोठ्या एकवट गुदामांना मागणी वाढली. 2016 नंतर आयातदाराला बंदरातूनच थेट पेटी देण्याची पद्धत वाढविण्यात आली. त्यामुळे धक्क्याजवळच्या कंटेनर स्थानकांतील मुक्काम वगळून पेटी सरळ गुदामाकडे जाऊ शकली. 2022-23 मध्ये वीस फुटी पेटीच्या मापाने साठ लाखांहून अधिक पेट्यांची उलाढाल ह्या बंदराने केली.

गावाला ह्यातून मिळाले ते कमी नाही. भाडे आले, ट्रक आले, ठेके आले. ज्याच्याकडे जमीन होती त्या घराचे पक्के बंगले झाले. भूमिहीनाच्या वाट्याला मात्र पहारा आणि हमाली आली, आणि हमालीतही आता परप्रांतांतून व मराठवाड्यातून आलेले स्पर्धक उभे आहेत. ह्या हमालासाठी महाराष्ट्राकडे स्वतःचा कायदा आहे. अण्णासाहेब पाटील ह्यांच्या चळवळीतून झालेला 1969 चा माथाडी कायदा गोदीकायद्याच्याच धर्तीवर मालक व कामगार दोघांची मंडळाकडे नोंदणी करतो, आणि ‘परिसर’ ह्या शब्दाची त्याला अट नाही. तथापि नोंदणी झाल्यावाचून तो कागदावरच राहतो. जेथे माल एकाचा, गुदाम दुसऱ्याचे, व्यवस्था तिसऱ्या कंपनीची आणि मजूर चौथ्या ठेकेदाराचा, तेथे मालक कोणास म्हणावे हाच पहिला तंटा होतो. 29 एप्रिल 2023 रोजी दापोड्याच्या शेजारच्या वळपाड्यात खाली गुदाम व वर बिऱ्हाडे असलेली तीन मजली इमारत कोसळून आठ जणांचा मृत्यू झाला. इमारतीच्या परवानगीचा प्रश्न आणि मजुराच्या निवाऱ्याचा प्रश्न तेथे एकाच ढिगाऱ्याखाली सापडले.

1997 साली दोन गोष्टी घडल्या. न्हावा-शेव्यात पहिला खासगी कंटेनर धक्का पी. अँड ओ. कंपनीच्या गटाला देण्याचा करार झाला. आणि त्याच वर्षी संसदेने, गोदी कामगार मंडळे बंदर विश्वस्त संस्थांत विलीन करण्याचा समझोता जेथे होईल त्या मोठ्या बंदरांना 1948 चा गोदीकायदा लागू राहू नये अशी तरतूद करणारा कायदा केला. ज्या शब्दाचे माप कधी घेतले गेले नाही, तो शब्दच अशा रीतीने निरुपयोगी झाला. पुढील वर्षी त्याच कंपनीचा डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराचा प्रस्ताव न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी ह्यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू प्राधिकरणाने नाकारला. तेथे परिसर मोजलेला होता: 20 जून 1991 च्या अधिसूचनेने तालुक्याभोवती 25 किलोमीटरांचा संरक्षक पट्टा आखला होता. त्याच प्राधिकरणाने 2023 साली वाढवणला संमती दिली, आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी बंदराची पायाभरणी झाली. तेथील कोळ्यांचा विरोध, समुद्र, किनारा आणि पुनर्वसन ह्यांवर बोलणे झाले. पेट्या कोठे उघडल्या जातील आणि त्या गावांतील मजुरास कोणता कायदा लागेल, हा प्रश्न त्या 25 किलोमीटरांच्या पट्ट्याबाहेरचा आहे.