सरकारी रकाना आणि विद्यापीठाचे द्वार

ज्ञातीचा इतिहास लिहिताना आपण कुळे, गोत्रे व स्थलांतरे यांची नोंद आस्थेने करतो. परंतु सरकारी कागदावरील एक रकाना माणसाचे भवितव्य कसे पालटतो, याचा विचार क्वचितच होतो. आपल्या काही कुटुंबांतील मुलेमुली आज अमेरिकेत विद्यार्जन करीत आहेत. म्हणून तेथील हा वृत्तांत वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

अमेरिकेत एके काळी परदेशी मनुष्यास नागरिकत्व मिळे ते गोऱ्यांस व आफ्रिकी वंशजांसच. भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थांनी आपण उच्चवर्णीय आर्य, अतएव गोरे, असा दावा मांडला. इ. स. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मानववंशशास्त्र बाजूस सारून, सामान्य जनांच्या समजुतीप्रमाणे ते गोरे नव्हेत, असा निर्णय दिला. वर्णाभिमान तेथे कामास आला नाही! १९२० ते १९४० च्या खानेसुमारींत भारतीयांचा वंश ‘हिंदू’ लिहिला गेला, मग तो मनुष्य शीख असो वा मुसलमान. १९७० साली तेच लोक गोऱ्यांत मोजले गेले आणि १९८० साली आशियाई ठरले. रक्त तेच, रकाना मात्र बदलत गेला.

दरम्यान, गुलामगिरी व वर्णभेद यांनी पिढ्यान्‌पिढ्या मागे राहिलेल्यांस विद्यापीठांत स्थान देण्याचे प्रयत्न सुरू झाले. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा राखून ठेवल्या, त्यांत आशियाईही पात्र होते. १९७८ साली बाके खटल्यात न्यायालयाने राखीव जागा रद्द केल्या. तथापि वंश हा अनेक विचारांपैकी एक असू शकेल, असे म्हटले. पुढे हार्वर्डमध्ये आशियाई विद्यार्थ्यांवरच अन्याय होतो, अशी फिर्याद झाली. २९ जून २०२३ च्या निकालाने प्रवेशातील वंशविचार बहुतांशी संपुष्टात आला. ‘आशियाई’ या एका शब्दात चिनी व भारतीय एकत्र कोंबल्याबद्दलही निकालपत्रात टीका आहे. मात्र वंशामुळे आयुष्यात काय सोसले, हे विद्यार्थ्यास निबंधात लिहिता येते.

यावरून आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे की, रकाने सदोष असले तरी त्यांमागील अन्याय खोटा ठरत नाही. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज तपासतानाही कुळाच्या मोठेपणाहून अर्जदाराने सोसलेल्या कष्टांकडे अधिक पाहावे, अशी ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची नम्र विनंती आहे.