बंदरावर हुकूम कोणाचा?

इ. स. १८७४ च्या ऑगस्ट महिन्यात ‘जपान’ नावाची आगबोट हाँगकाँगहून सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात दाखल झाली. तिच्या उतारूंत बावीस चिनी स्त्रिया होत्या. परदेशांतून येणाऱ्यांची तपासणी करण्यासाठी कॅलिफोर्निया राज्याने नेमलेला आयुक्त बोटीवर चढला आणि काही जुजबी प्रश्न विचारून त्याने या स्त्रिया दुर्वर्तनी असल्याचे ठरवून टाकले. प्रत्येकीमागे सोन्याच्या नाण्यांत पाचशे डॉलरांचा जामीन मिळाल्याखेरीज त्यांना उतरता येणार नव्हते. साक्ष नाही, पुरावा नाही, सुनावणी नाही! शिवाय जामिनाऐवजी रोख रक्कम घेऊन उतारूला मोकळे करण्याची मुभा त्या कायद्यात होती, आणि त्या रकमेतील वीस टक्के आयुक्ताच्याच पदरात पडत.

राज्याच्या एका अंमलदाराला हा अधिकार आला कोठून? १७८७ साली रचलेल्या अमेरिकेच्या संविधानाने नागरिकत्वाचे नियम आणि परदेशी व्यापार हे विषय काँग्रेसकडे सोपविले. परंतु परक्या माणसाला देशात घ्यावे की नाही, हे कोणी ठरवावयाचे याविषयी ते स्पष्ट बोलत नाही. (भारतीय संविधानाच्या कर्त्यांनी ही संदिग्धता राहू दिली नाही; प्रवेश, हद्दपारी आणि पारपत्रे त्यांनी संघसूचीत नोंदवून टाकली.) त्यामुळे समुद्रकाठची राज्ये दीर्घकाळ आपापला कारभार हाकीत होती. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स उतारूंवर डोईपट्टी बसवीत. सर्वोच्च न्यायालयाने १८४९ साली पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द ठरविली, तेव्हा पट्टीच्या जागी जामीन आला. नाव बदलले; तिजोरी तीच राहिली.

बावीस स्त्रियांच्या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांनी आयुक्ताची बाजू उचलून धरली. संघीय न्यायालयात न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी त्यांची सुटका केली. तथापि त्यांपैकी चाय लुंग हिचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राज्याच्या वतीने तेथे युक्तिवाद करण्यास कोणी उभेच राहिले नाही. २० मार्च १८७६ रोजी न्यायमूर्ती सॅम्युएल मिलर यांनी दिलेल्या निकालातील मुद्दा व्यवहारी होता. चीनच्या बादशहाच्या प्रजेचा बंदरावर अपमान झाला, तर जाब कॅलिफोर्नियाला विचारला जाणार नाही. तो सबंध राष्ट्राला द्यावा लागेल. मग एकट्या राज्याने राष्ट्राला परक्यांशी कलहात का ओढावे? कायदा रद्द झाला.

दाराची किल्ली वॉशिंग्टनकडे गेली. दार मात्र अधिक उघडले नाही. १८८२ साली काँग्रेसने चिनी मजुरांच्या प्रवेशावरच बंदी घातली. सॅन फ्रान्सिस्कोत बारा वर्षे राहिलेला चाए चॅन पिंग हा मजूर १८८७ साली परत येण्याचा सरकारी दाखला घेऊन मायदेशी गेला होता. परतीच्या वाटेवर त्याची बोट समुद्रात असतानाच, १ ऑक्टोबर १८८८ रोजी, असे सारे दाखले कायद्याने निरर्थक ठरले. आठवड्याभरात तो बंदरात पोचला, आणि अडकला. त्याचा दावा १८८९ मध्ये फेटाळला गेला. परक्यांना दूर ठेवण्याचा काँग्रेसचा अधिकार सार्वभौमत्वातूनच येतो, असे सांगणारा तो निकाल लिहिला होता त्याच फील्ड यांनी!

प्रत्यक्ष कारभार मात्र सावकाश हलला. १८८२ च्याच दुसऱ्या कायद्याने बंदरांवरचे काम कराराने राज्यांच्या मंडळांकडेच ठेवले होते. न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डन येथे राज्याचे कारकून संघराज्यासाठी नोंदी करीत बसत. १८९१ च्या कायद्याने ही व्यवस्था संपली, आणि पुढल्या वर्षी एलिस बेटावर संघराज्याचे स्वतःचे ठाणे उघडले.

वाद त्यानंतरही शमला नाही. तो समुद्रकाठावरून मेक्सिकोच्या सरहद्दीवर गेला. २०१० साली ॲरिझोना राज्याने विनापरवाना राहणाऱ्या परदेशीयांविरुद्ध स्वतःचा कायदा केला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील वादग्रस्त चारांपैकी तीन तरतुदी रद्द केल्या. पोलिसांनी अडविलेल्या व्यक्तीविषयी वाजवी संशय आल्यास तिच्या वास्तव्याची चौकशी करावी, ही चौथी तरतूद न्यायालयाने तूर्त राहू दिली. ती प्रत्यक्षात कशी राबविली जाते हे पाहून पुन्हा दाद मागण्याची वाट मात्र मोकळी ठेवली.