गरोदरपणातली शुगर : ताट, सुई आणि रोजा

घरात सून किंवा लेक गरोदर राहिली की अम्मी, फुफू, सासू सगळ्यांचा एकच आग्रह असतो, "दोन जिवांचं खा." मग सहाव्या महिन्यात रिपोर्ट येतो, शुगर वाढलेली. त्या दिवसापासून त्याच घरात भात बंद, भाकरी बंद, फळ बंद. आमच्या मते या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. यात नुकसान मुलीचं आणि बाळाचं होतं.

आधी एक गैरसमज दूर करू. हा आजार मिठाई खाल्ल्याची शिक्षा नाही. गरोदरपणात वारेतून जे हार्मोन्स निघतात ते इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. बहुतेक बायकांचं शरीर जास्त इन्सुलिन बनवून हे निभावून नेतं, काहींना ते जमत नाही. आई-वडिलांना शुगर असेल, वजन जास्त असेल, तर शक्यता वाढते. वाढलेली साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते. बाळ जास्त वजनाचं होतं, बाळंतपण अवघड जातं आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते. आईला मात्र बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणून "तिला तर काही त्रास नाही" असं म्हणून तपासणी टाळू नये.

सरकारी दवाखान्यात ही तपासणी सोपी आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. उपाशीपोटी जायची गरज नाही. आकडा 140 किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. पहिल्याच भेटीत एकदा आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा एकदा, अशी ही तपासणी दोनदा करायची असते. पहिली नॉर्मल आली म्हणून दुसरी सोडू नका. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. आशाताईंना विचारलं तर त्या सोबतही येतात.

आता ताटाबद्दल. भाकरी, चपाती, भात यांपैकी काहीही पूर्ण सोडायचं नाही, प्रमाण सांभाळायचं. तीन वेळा बेताचं जेवण आणि मधे दोन-तीन वेळा थोडं खाणं, असं दिवसभरात वाटून घ्या. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कचुंबर, पाव भाग डाळ, अंडं, मासळी किंवा गोश्त, उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात. कोकणात तांदळाची भाकरी आणि भात दोन्ही एकाच जेवणात असतात, तिथे एकच घ्या. सोबत बांगडा असेल तर उत्तमच. बिर्याणीच्या दिवशी बोटी जास्त, चावल कमी, बाजूला दही.

सकाळी जास्त जपा. त्या वेळी साखर लवकर वाढते आणि आपल्याकडे नेमकी तेव्हाच गोड चहात खारी, टोस्ट, पाव बुडवला जातो. त्याऐवजी अंडं आणि चपाती, किंवा मुगाचं धिरडं चालेल. सतवाशाला मिठाईचा घास भरवणाऱ्या हातांना मात्र आधीच सांगून ठेवावं लागतं! जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर, खूप कामाचं आहे.

दोन आठवडे असं करूनही जेवणानंतर दोन तासांची शुगर 120 च्या खाली येत नसेल तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन देतात. इथे घराघरांत दोन शंका येतात. पहिली, सुई लागली की जन्मभर लागते. तसं नाही. या प्रकारात बाळंतपणानंतर ती बहुधा बंद होते. दुसरी शंका, इन्सुलिन डुकरापासून बनतं. पूर्वी ते गाय आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढत असत, हे खरं आहे. पण 1980 च्या दशकापासून मानवी इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टच्या मदतीने बनवलं जातं, आणि आज डॉक्टर साधारणपणे तेच देतात. या भीतीने सुई टाळणं म्हणजे बाळाला धोक्यात घालणं आहे.

रमजानचा प्रश्न सर्वांत नाजूक. अनेक मुली शुगर असल्याचं लपवून रोजे धरतात, कारण "आमच्या वेळी आम्ही नऊ महिने धरले" असं ऐकवलं जातं. गरोदरपणात मधुमेह असताना डॉक्टर रोजा न धरण्याचाच सल्ला देतात. इन्सुलिनवर असणाऱ्यांना तर धोका फारच मोठा. शरीअतने आजारी माणसाला सवलत दिली आहे, आणि स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची काळजी असलेल्या गरोदर बाईलाही. हनफी मसलकात नंतर कजा रोजे ठेवायचे. कोकणातल्या शाफई घरांत, केवळ बाळाच्या काळजीने रोजा सोडला असेल तर कजासोबत फिदयाही येतो. तपशील आपल्या आलिमांना विचारा, पण आधी रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. तरीही कुणी रोजा धरलाच, तर बोटाला सुई टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. शुगर 70 च्या खाली गेली, हातपाय थरथरले, घाम सुटला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर रोजा तिथेच सोडायचा आणि दवाखाना गाठायचा. इफ्तारला एक खजूर पुरे. मोठ्या मेडजूल खजुरात एकट्यातच 16 ग्रॅमच्या आसपास साखर असते. गोड शरबत नकोच.

बाळंतपणानंतर शुगर बहुधा उतरते, पण पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका राहतो. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोजची तपासणी करायची असते. ही वेळ लक्षात ठेवायला सोपी आहे. चिल्ल्याचे चाळीस दिवस संपले, नहाण झालं, की त्याच आठवड्यात बाळाच्या लसीसाठी दवाखान्यात जाताना आईचंही रक्त तपासून घ्या.