चाळिसावा हिस्सा

डोके झाकून घ्या, ऊन सरळ टाळूवर उतरते आहे. आणि भिंतीच्या कडेने चाला. गल्लीच्या मधून लादलेली गाढवे येतात, ती कोणासाठी थांबत नाहीत. तुम्ही दमास्कसमध्ये आहात. सन 1326, ऑगस्ट, रमजानचा महिना. एवढे लक्षात ठेवलेत की पुरे.

पायाखाली बघा. गल्लीच्या दोन्ही कडांना दगडी फरशी आहे, पायी चालणाऱ्यांसाठी. मधला भाग घोड्यांचा आणि गाढवांचा. फरशी वापरून गुळगुळीत झाली आहे, उन्हाने तापली आहे आणि नुकतेच कोणीतरी तिच्यावर पाणी शिंपडून गेले आहे, त्यामुळे ओल्या दगडाचा वास येतोय. ही फरशी नीट राहावी म्हणून या शहरात वेगळी मालमत्ता, म्हणजे वक्फ, लावून ठेवलेली आहे. तिचे उत्पन्न रस्त्यांवर खर्च होते, दुसऱ्या कशावर नाही. म्हणजे शहरात पाऊल टाकल्याबरोबर तुम्ही कोणाच्या तरी दानावर उभे आहात, आणि ते कोणी तुम्हाला सांगितलेलेही नाही.

आता कान सांभाळा. उमय्या मशिदीच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून तांबटांचा बाजार सुरू होतो. पुण्याच्या तांबट आळीतून कधी भर दुपारी गेला असाल, तर त्या आवाजाची दहापट कल्पना करा. शेकडो हातोड्या, प्रत्येकीचा ठेका वेगळा. भट्टीतून धग येते, तोंडावर आदळते. कोळशाचा धूर, तापल्या तांब्याचा आंबूस वास, माणसांचा घाम. आणि हे सगळे कारागीर पहाटेपासून पाण्याचा घोटही न घेता बसलेले आहेत. ओठ पांढरे पडलेत, पण हात थांबलेले नाहीत. तुम्ही प्रवासी आहात, तुम्हाला रोज्यातून सूट आहे. तरी या गल्लीत उभे राहून पाणी प्यायचा धीर तुम्हाला होणार नाही.

या दुकानाशी थांबा. ओट्यावर पितळी शमादाने, तस्ते, सुरया मांडल्या आहेत. आत एक म्हातारा कारागीर मांडीत सुरई धरून बसला आहे. त्याने पितळेत टोकदार छिन्नीने बारीक चर पाडला आहे. त्या चरात तो चांदीची तार ठेवतो आणि लहानशा हातोडीने टक, टक, टक करत ती बसवतो. तार पितळेत अशी विरघळून जाते की बोट फिरवले तरी जोड लागत नाही. फिरवून बघा बोट.

मालकाचे मात्र आज विक्रीकडे लक्ष नाही. त्याच्या मांडीवर वही आहे, बाजूला तराजू. आज त्याचे वर्ष भरते, चांद्र वर्ष, आणि धर्माने घालून दिलेली जकात काढायची आहे.

"या, पाहुणे, बसा," तो म्हणतो आणि तुम्हाला लगेच कामाला लावतो. एकेक भांडे उचलून शेजारच्या दुकानदारापुढे धरायचे.

"आज विकायला काढलं तर किती येतील?"

शेजारी किंमत सांगतो, मालक लिहितो. विकत घेतले किंवा घडवले त्या वेळचा भाव इथे चालत नाही, आजचा बाजारभाव लागतो. तुमच्या हातात एक तस्त येते, काठाला ओरखडा पडलेला. तुम्हाला वाटते, याची किंमत कमीच धरतील. शेजारी थोडी कमी सांगतो. मालक मान हलवतो. "गिऱ्हाइकाला तू याचे एवढे कमी सांगशील का?" शेजारी हसतो आणि किंमत वाढवतो. आयुष्यभर भाव करत आलेली ही दोन माणसे आज उलटा भाव करताहेत.

कच्चे तांबे धरले. विकायला ठेवलेली चांदीची तार धरली. ऐरणी, भाते, हातोड्या, तराजू धरायचे नाहीत. ती पोटाची हत्यारे आहेत. राहते घर नाही, अंगावरचे कपडे नाहीत. गल्ल्यातली रोकड धरायची. खात्रीने वसूल होणारी उधारी धरायची. सगळे मिळून दोनशे चांदीचे दिरहम किंवा वीस सोन्याचे दिनार यांच्या खाली राहिले, तर काहीच देणे लागत नाही; मग तो स्वतःच कदाचित घेणाऱ्यांत गेला असता. आज मात्र माल सहा हजार दिरहमांचा, रोकड दीड हजार, उधारी पाचशे. आठ हजार. त्याचा चाळिसावा हिस्सा, दोनशे.

तो दोनशे दिरहम तराजूत तोलून वेगळे काढतो. नाण्यांचा खणखणाट त्या गोंगाटातही कानाला लागतो. त्याचा चेहरा बघा. दानशूरपणाचा रुबाब त्यावर नाही. भाडे देताना, मजुरी चुकवताना माणसाचा चेहरा असतो तसाच आहे. दोनशे दिरहम कालपर्यंत त्याच्या पेटीत होते, पण ते दुसऱ्यांचे होते, हे त्याला ठाऊक आहे.

कोणाचे, तेही ठरलेले आहे. कुराणात आठ वाटे सांगितलेत: गरीब, गरजू, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी, गुलामाची सुटका, आणि असेच आणखी तीन. आईवडिलांना आणि पोराबाळांना यातले देता येत नाही. त्यांचे करणे हे त्याचे कर्तव्यच आहे, ते यात मोजायचे नाही. तो एक पुरचुंडी बांधतो आणि मागच्या गल्लीतल्या एका विधवेकडे बायकोच्या हाती पाठवायची म्हणून बाजूला ठेवतो. दुसरी एका हमालासाठी, ज्याचे गाढव मेले आणि कर्ज उरले. त्या हमालाकडे या दुकानाचीही थोडी उधारी आहे. ती त्याने वहीत बघितली, आणि तिच्यावर शाई फिरवली. ती आठ हजारांत धरलेलीच नव्हती.

आणि तेवढ्यात, खळ्ळ!

वळा मागे. गल्लीच्या तोंडाशी एक पोरगा उभा आहे, आठ-दहा वर्षांचा असेल, कोणा घरचा गुलाम. त्याच्या पायाशी चिनी मातीच्या बशीचे तुकडे पसरलेत, निळे-पांढरे नाही, फिक्या हिरव्या झिलईचे. अर्ध्या जगाचा समुद्र ओलांडून आलेली बशी. पोरगा रडत नाही, तेच वाईट आहे. तो नुसता तुकड्यांकडे बघतोय आणि खांदे आवळून घेतोय, जणू मार आत्ताच पडतोय.

गर्दी जमते. तुम्हाला वाटते आता ओरडा होणार. पण कोणीतरी म्हणते, "तुकडे गोळा कर पोरा, आणि भांड्यांच्या वक्फाकडे चल." दोघे-तिघे खाली वाकतात. तुम्हीही वाका. बोट जपा, धार आहे. बारीक कपरेसुद्धा पोराच्या सदऱ्याच्या ओच्यात घालायचे, कारण तेच त्याचा पुरावा.

एक माणूस पोराबरोबर निघतो, तुम्हीही त्यांच्या मागे. दोन वळणे, एक कमान, आणि सावलीत बसलेला व्यवस्थापक. पोरगा ओचा उघडून तुकडे दाखवतो. व्यवस्थापक फार विचारत नाही. तुझी चूक की कोणी धक्का दिला, कोणाच्या घरचा तू, नमाज पढतोस का, यातले काहीही नाही. तो तुकडे बघतो, तशी बशी बाजारात किती पडेल त्याचा अंदाज घेतो आणि तेवढी नाणी पोराच्या तळहातावर ठेवतो. पोराचे खांदे खाली येतात. तेवढ्यासाठी कोणीतरी मालमत्ता लावून ठेवली होती: चाकराच्या हातून फुटलेल्या भांड्यासाठी, त्याला मार बसू नये म्हणून.

पोरगा गुलाम आला होता आणि गुलामच परत जातो, हे विसरू नका. या शहरातल्या पुण्याईने ती बेडी तुटत नाही. पण कोणा पैसेवाल्याने कधीतरी एका फुटक्या बशीपुढे उभ्या असलेल्या पोराची छाती कशी धडधडते हे ओळखले, आणि त्या धडधडीसाठी कायमची तरतूद केली. हे लहान नाही.

इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा एक बावीस वर्षांचा तरुण याच रमजानमध्ये या शहरात आला आहे. असाच प्रसंग त्याने दमास्कसच्या गल्लीत पाहिला आणि पुढे आपल्या प्रवासवर्णनात सांगितला; म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला. हाच तरुण पुढे दौलताबाद आणि नंदुरबारही बघून जाणार आहे, पण ते सोळा वर्षांनी.

व्यवस्थापकाच्या ओट्यावर जरा टेका. इथे बसले की शहराचे पोट दिसते. एक वक्फ गरीब मुलींच्या लग्नाच्या सामानासाठी. एक कैद्यांच्या सुटकेसाठी. एक वाटसरूंसाठी, त्यांना जेवण, कपडे आणि गावी जायचा खर्च मिळतो. एक हजला जाऊ न शकणाऱ्यांसाठी, त्यांच्या जागी जाणाऱ्याचा खर्च त्यातून निघतो. पैसा येतो कुठून? ज्या बाजारातून तुम्ही आत्ता आलात तिथून. कोणी दुकान, कोणी हमामखाना, कोणी बाग काझीसमोर, साक्षीदारांसमोर लावून देतो. मग ती मालमत्ता विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसांत वाटली जात नाही. येणाऱ्या भाड्यातून आधी त्या जागेचीच डागडुजी होते, म्हणजे उत्पन्न आटत नाही. उरलेले ठरलेल्या कामाला. देणारा मरून जातो, भाडे मात्र महिन्याच्या महिन्याला येतच राहते.

ऊन कललेय. चला, मशिदीच्या पूर्वेकडे, जैरून दरवाज्यापाशी. वर कमानीत लहान लहान दारे दिसताहेत? दिवसाच्या तासाला एक. तास सरला की त्याचे दार उलटते: पिवळी बाजू आत, हिरवी बाहेर. आता जवळजवळ सगळी हिरवी झालीत. गर्दीतल्या प्रत्येकाची मान वर आहे. बर्फवाल्याने पोत्याखालून डोंगरातून आणलेला बर्फ काढलाय, त्याचा गारवा चार हातांवरूनही लागतो. अंजिरांवर माश्या घोंगावताहेत. तव्यावरच्या कतायिफ या गोड घावनांचा, तुपाचा आणि गुलाबपाण्याचा वास पोटात कळ उठवतो.

अजान झाली. आणि तुमचा दंड कोणीतरी धरला आहे: दुपारचा तांबट मालक. "एकटे कुठे निघालात?" या शहरात रमजानमध्ये कोणी एकट्याने रोजा सोडत नाही. अमीर आणि काझी आपापल्या घरी मित्रांना आणि फकिरांना बोलावतात, तसेच व्यापारी आणि मोठे दुकानदारही. ज्यांच्याकडे थोडेच आहे ते एकाच्या घरी किंवा मशिदीत जमतात, प्रत्येक जण असेल ते घेऊन. मालकाच्या अंगणात पंधरा-वीस माणसे बसली आहेत. तुमच्या एका बाजूला कापडवाला, दुसऱ्या बाजूला रस्त्यावरचा फकीर, आणि खजुराचे ताट तिघांत एक. पहिला घोट पाण्याचा. घसा कसा उघडतो बघा. मग गव्हा-मांसाची दाट हरीसा, एकाच परातीतून. तुमच्या बोटांशेजारी कोणाची बोटे आहेत हे अंधारात कळतही नाही.

आता महिनाअखेरीला उडी मारा. ईदची पहाट, नमाजच्या आधीची घाई. आज घरोघरी माणशी धान्य द्यायचे आहे: दोन्ही हातांच्या चार ओंजळी. कर्ता पुरुष बायकापोरांचे मोजतो, आणि घरातल्या गुलामाचेही मालकच मोजतो. त्या बशीवाल्या पोराच्या नावाच्या चार ओंजळी आज कोणाच्या तरी रिकाम्या मडक्यात पडताहेत. मागच्या गल्लीतली ती विधवाही मोजतेय. तिला ती पुरचुंडी मिळाली, आजच्या दिवसाचे घरात आहे, म्हणजे आज तीही देणारी. आठ हजारांच्या मालकाला जेवढ्या ओंजळी, तेवढ्याच तिला.

भरा तुम्हीही. गहू थंड आहे, बोटांच्या फटीतून निसटतो, म्हणून बोटे घट्ट मिटा. चौथी ओंजळ जरा शिगोशिग घ्या आणि समोरच्या दारात नेऊन ओता. तिथे तुमचे नाव कोणी विचारणार नाही, आणि विचारायची गरजही नाही: शेजाऱ्याचे ताट रिकामे नाही ना हे बघणे या बाजारात धंद्याच्या हिशोबातच येते, आणि तो हिशोब ज्याच्या त्याच्या वहीत, आजच्या बाजारभावाने, दरवर्षी मांडला जातो.