रॉमविना जागा होणारा प्रोसेसर : ‘परम ८०००’ची गोष्ट

१/ संगणकाचे बटण दाबल्यावर पहिली आज्ञा कोण देतो? आपल्या परिचयाच्या पीसीत हे काम बायोसचे. हा शब्द गॅरी किल्डॉल यांनी १९७०च्या दशकात सीपी/एम प्रणालीसाठी योजला. १९८१च्या आयबीएम पीसीने तो घरोघरी पोहोचवला. पुण्यात घडलेल्या एका महासंगणकाच्या प्रोसेसरकडे मात्र या प्रश्नाचे निराळेच उत्तर होते.

२/ १९८०च्या दशकात अमेरिका भारताला महासंगणक देताना कडक अटी घालत होती. त्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. धुरा होती विजय भटकर यांच्याकडे. जन्म अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचा, अभियांत्रिकीची पदवी नागपूरची. नागपूरहून वाडीमार्गे पश्चिमेस जाणारा अमरावती रस्ता पुढे त्यांच्याच मुलखात पोहोचतो.

३/ एक अतिवेगवान प्रोसेसर मिळत नसेल, तर अनेक साधे प्रोसेसर एकत्र जुंपायचे, हा सी-डॅकचा मार्ग. त्यासाठी निवड झाली ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटरची. टी८०० या चिपवर चार सिरियल लिंक, म्हणजे शेजाऱ्यांशी बोलण्याचे चार पोर्ट होते.

४/ चिपच्या एका पिनवरील विद्युतपातळीने ठरे की पहिली आज्ञा रॉममधून घ्यायची की लिंकवरून. लिंकचा पर्याय असेल, तर प्रोसेसर पहिल्या बाइटची वाट पाहत थांबे. तो बाइट २ किंवा अधिक असेल, तर ती येणाऱ्या प्रोग्रामची लांबी. तेवढे बाइट स्मृतीत उतरवून प्रोसेसर कामाला लागे आणि मग शेजाऱ्याला जागे करी. पणतीने पणती लागावी तसे सारे जाळे उजळे.

५/ म्हणजे येथे पोर्टची मांडणी हाच यंत्राचा पाया. ६४ प्रोसेसर धरले, तरी लिंकची टोके २५६ होतात. कोणते टोक कोठे जोडायचे, हे गणितानुसार बदलता यावे, अशी ‘परम’ची रचना होती.

६/ १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. चिप परदेशी असताना त्याला स्वदेशी म्हणावे का? चिप विकत मिळत होती. शेकडो चिपांना एका गणितावर राबवणारी रचना आणि प्रणाली मिळत नव्हती. ती पुण्यात घडली. स्वावलंबनाचा दावा तपासायचा तो तेथेच.