नौबादची करेज आणि संगणकावरील अक्षरे

बिदर शहराला लागून असलेल्या नौबादच्या भुईखाली पाण्याचा एक जुना मार्ग आहे. बहामनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली, आणि त्याच शतकात इराणी विद्येच्या आधाराने हा मार्ग खोदला गेला. त्याला करेज म्हणतात. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे. पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली उतरते. ते अडवून, अगदी मंद उताराच्या भुयारातून, मोट किंवा रहाट न लावता वस्तीपर्यंत आणावयाचे, अशी ही योजना. भुयाराच्या माथ्यावर ठिकठिकाणी उभ्या विहिरी ठेवलेल्या असत. खोदताना माती त्यांतूनच वर निघे, आत हवा त्यांतूनच खेळे, आणि पुढे गाळ साचला म्हणजे माणूस त्यांतूनच खाली उतरे.

काळाच्या ओघात उतरणारी माणसे राहिली नाहीत. विहिरी कचऱ्याने बुजल्या, वर घरे आणि रस्ते झाले, आणि आपल्या पायाखाली काय आहे याचा लोकांना विसर पडला. २०१५ च्या सुमारास अभ्यासकांनी या विहिरींचा माग काढला, जिल्हा प्रशासनाने गाळ उपसण्यास हात घातला, आणि त्या भुयारात पुन्हा पाणी दिसू लागले. विहिरींची तोंडे ठेवलेली होती म्हणून हे शक्य झाले, हे खरे. परंतु ती तोंडे असूनही करेज बुजली होती, हेही तितकेच खरे. या दोन सत्यांचा संबंध आजच्या एका अगदी वेगळ्या व्यवहाराशी, म्हणजे संगणकावर अक्षरे व चित्रे घडविण्याच्या धंद्याशी, फार जवळचा आहे.

मराठी अक्षराला परक्या हत्याराची अडचण नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. भाषा मराठी, ओवी मराठी, पण नागरी खिळे नसल्यामुळे लिपी मात्र रोमन. दोन शतकांनंतर मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढले, आणि पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागराने नागरी खिळ्यांना असे रूप दिले की साऱ्या देशातील संस्कृत ग्रंथ त्या खिळ्यांत छापले जाऊ लागले. खिळा आपल्या हाती आला तेव्हाच अक्षर आपल्या मनाजोगे झाले.

शिशाचे खिळे गेले आणि संगणक आला तेव्हा हा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. पानांची मांडणी करणारे ‘पेजमेकर’ हे सॉफ्टवेअर १९८५ साली अमेरिकेत निघाले आणि नव्वदीच्या दशकात आपल्याकडील छापखान्यांत रूढ झाले. त्याला नागरी लिपीचे ज्ञान नव्हते. मग टंक करणाऱ्यांनी एक युक्ती योजली. रोमन अक्षरांच्या घरांत नागरी अक्षरांचे तुकडे बसविले: एका घरात काना, दुसऱ्यात अर्धा ‘क’, तिसऱ्यात रफार. पडद्यावर मराठी दिसे. संगणकाच्या पोटात मात्र रोमन अक्षरांचीच निरर्थक रांग असे. शिवाय प्रत्येक टंक-कंपनीची घरवाटणी निराळी. एका टंकात जुळविलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की त्याचा नुसता काला होई. काही सॉफ्टवेअरांबरोबर एक लहानशी किल्लीही येई. ती संगणकाला लावल्यावाचून टंक चालत नसे. त्या पंधरा-वीस वर्षांत मराठीत छापली गेलेली असंख्य पुस्तके, स्मरणिका आणि दिवाळी अंक आजही अशाच कुलूपबंद फायलींत पडून आहेत.

सीमाभागात ही अडचण अधिक जाचक होती. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत बिदर म्हैसूर राज्यात गेले. औराद, भालकी, बसवकल्याण या भागांत मराठी घराघरांत राहिली, शेजारी कन्नड राहिली आणि उर्दूही राहिली. इथल्या छापखान्यात एकाच लग्नपत्रिकेवर दोन-दोन, तीन-तीन लिप्या येऊ शकतात. प्रत्येक लिपीसाठी निराळा टंक, निराळी कळपाटी, निराळी किल्ली असा तो संसार. ज्या गिऱ्हाइकांची संख्या थोडी, त्यांच्यासाठी दूरची कंपनी आपला माल कशाला बदलील? व्यापाराच्या दृष्टीने तिचे काही चुकते असेही नव्हे.

यातून सुटण्याचे दार १९९१ साली किलकिले झाले. त्या वर्षी ‘युनिकोड’ या सर्वलिपी संकेताची पहिली आवृत्ती निघाली. तीत नागरी, कन्नड, अरबी या सर्व लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. त्याच वर्षी फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ नावाची, संगणकाचा मूळ कारभार पाहणारी प्रणाली जगापुढे ठेवली. लवकरच तिची मूळ लिखावट अशा अटीवर खुली झाली की, कोणीही ती वाचावी, बदलावी आणि इतरांस द्यावी. मालकीच्या प्रणालीत कारखानदाराखेरीज कोणाला आत उतरता येत नाही. इथे उतरण्याची विहीर मुद्दाम ठेवलेली होती.

परंतु लिनक्स घेणाऱ्या चित्रकारापुढे आणि मुद्रकापुढे लगेच एक प्रश्न आला. त्याचा हात ज्यावर बसला होता ती ‘फोटोशॉप’सारखी सॉफ्टवेअरे लिनक्ससाठी केलेलीच नव्हती. तेव्हा दोन वाटा निघाल्या. मालकीचे सॉफ्टवेअर काहीतरी युक्तीने लिनक्सवर चालवावे, ही पहिली. आणि त्याच्या जागी नवे, खुले हत्यार घडवावे, ही दुसरी.

पहिल्या वाटेवर ‘वाइन’ हा प्रकल्प उभा राहिला. त्याचे काम १९९३ साली सुरू झाले आणि पहिली पक्की आवृत्ती निघावयास २००८ साल उजाडले. विंडोजसाठी केलेल्या सॉफ्टवेअरला लिनक्सवर असताना आपण विंडोजवरच आहोत असे भासवावयाचे, हे याचे काम. दुभाष्याने दोन्हीकडचे बोलणे तत्काळ पोहोचवावे तसे. ही वाट केवळ हौशी लोकांची नव्हती. डिस्ने, पिक्सार आणि ड्रीमवर्क्स या अमेरिकेतील बलाढ्य चित्रसंस्थांनी २००३ च्या सुमारास पैसा घालून फोटोशॉप वाइनखाली चालेल अशी व्यवस्था करवून घेतली. इतर कामांसाठी लिनक्सकडे वळलेल्या या संस्थांना आपल्या चित्रकारांच्या हातचे साधन काढून घ्यावयाचे नव्हते. कसलेल्या हाताची किंमत धनिकांनाही कळते, असा याचा अर्थ.

तथापि या वाटेचा एक दोष मुळातलाच आहे. विहीर दुसऱ्याची आणि दोर मात्र आपला, अशी ही स्थिती. मालकाने आपल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढली की दुभाष्याचे शब्द अपुरे पडतात आणि सारी खटपट पुन्हा करावी लागते. आणि मालकाचे नियमही बदलतात. फोटोशॉपची कंपनी ॲडोबी हिने २०१३ साली जाहीर केले की, यापुढे नव्या आवृत्त्या विकत मिळणार नाहीत. भाडे भरून वापराव्या लागतील. त्याच सुमारास तिने आपल्या एका जुन्या संचाला अनुमती देणारी दूरस्थ यंत्रणा बंद केली. ग्राहकांची सोय म्हणून अनुमती न मागणारी प्रत तिने पुढे उपलब्ध करून दिली, हे सांगितलेच पाहिजे. पण पैसे मोजून घेतलेले हत्यार चालू राहावे यासाठी दुसऱ्याच्या सौजन्याची वाट पाहावी लागली, ही गोष्ट उरतेच.

दुसऱ्या वाटेवरील कामे अधिक संथ झाली. बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ‘गिंप’ हे चित्रसंस्काराचे साधन घडविण्यास घेतले. पानांच्या मांडणीसाठी ‘स्क्रायबस’ २००१ च्या सुमारास सुरू झाले, आणि रेखाचित्रांसाठी ‘इंकस्केप’ २००३ साली. ‘ब्लेंडर’ची कथा तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ते मूळचे एका डच कंपनीचे. कंपनी बुडाली तेव्हा ब्लेंडरचे कर्ते टोन रोझेंडाल यांनी २००२ साली जगभरच्या वापरणाऱ्यांकडे एक लाख युरोंची वर्गणी मागितली. सात आठवड्यांत ती जमली आणि ब्लेंडर सर्वांचे झाले. याच साधनाने घडविलेल्या ‘फ्लो’ या लाटव्हियातील चित्रपटाला २०२५ साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले.

म्हणून खुले ते सारे चांगलेच, असे कोणी समजेल तर ती फसगत होईल. मराठी मुद्रकाला स्क्रायबस कित्येक वर्षे निरुपयोगीच होते. ते उघडे होते, फुकट होते, पण त्यात नागरी जोडाक्षर जुळत नसे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न बसता मागे पडे. चार रंगांच्या छपाईसाठी चित्र तयार करण्यात गिंपचा हात अजूनही आखडता आहे. ज्याने उद्या सकाळी पत्रिका छापून द्यावयाची आहे, त्याला ध्येयवादाचे प्रवचन ऐकविणे व्यर्थ होय. तो मालकीच्या सॉफ्टवेअरकडे वळला तर त्याला दोष देता येत नाही.

मग ही उणीव भरून कोणी काढली? इथे इतिहासाने एक विलक्षण योग जुळविला आहे. स्क्रायबसमध्ये अरबी लिपी नीट लिहिली जात नाही, ही अडचण ओमान देशातील मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनाही होती. त्यांनी कोणाची वाट पाहिली नाही. विहीर उघडी होती. ते खाली उतरले आणि अक्षरे जुळविण्याची सारी व्यवस्था त्यांनी नव्याने बांधली. २०१७ च्या आवृत्तीत ते काम समाविष्ट झाले. अरबीसाठी केलेल्या त्या कष्टाने नागरी, कन्नड आणि मल्याळम लिप्यांचेही दार उघडले. २०२४ च्या आरंभी स्क्रायबसची जी पक्की आवृत्ती निघाली, तीत ते सर्वांच्या पदरी पडले. हा ओमान म्हणजे तोच देश, जिथे ‘फलज’ नावाचे पाण्याचे प्राचीन मार्ग आहेत. त्यांतील कित्येक नौबादच्या करेजसारखेच भुयारी आहेत, आणि त्यांचे पाणी गावकरी वेळेच्या पाळ्या लावून वाटून घेतात. युनेस्कोने २००६ साली त्यांची गणना जागतिक वारशात केली. सामाईक पाण्याचा गाळ सर्वांनी काढावयाचा असतो, हे ज्या भूमीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, तिथल्या माणसांनी अक्षरांचा गाळ काढला.

भारतातही असे उतरणारे निघाले. रेड हॅट या कंपनीने २००४ साली ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे टंक सर्वांना मोकळे केले, आणि पुण्यातील तिच्या मंडळींनी पुढे त्यांची निगा राखली. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे देखणे नागरी टंक खुल्या परवान्याने दिले. केरळात ‘जनयुगम्’ या मल्याळम दैनिकाने २०१९ साली आपला सारा कारभार लिनक्स, स्क्रायबस, गिंप, इंकस्केप आणि कृता यांवर नेला. रोजचे वृत्तपत्र या साधनांनी निघू शकते, हे त्याने कृतीने दाखविले. पण त्यामागे मल्याळम लिपीसाठी वर्षानुवर्षे झटलेल्या स्वयंसेवकांचे श्रम होते, आणि कामगारांना नवे साधन शिकविण्याची तयारीही होती, हे विसरता कामा नये.

या सर्व वृत्तान्तावरून दोन्ही वाटांचे उचित स्थान ठरविता येते. मागचे सोडवून आणावयाचे असेल तर पहिली वाट उपयोगी आहे. ज्या सॉफ्टवेअरात जुन्या मराठी फायली अडकल्या आहेत, ते वाइनखाली एकदा चालते करून मजकूर बाहेर काढावा, युनिकोडात आणावा आणि तो पूल मागे टाकावा. जुन्या फायलींचे संगणक एकामागून एक भंगारात जात आहेत. हे काम उद्यावर टाकण्यासारखे नाही. पुढचे उभारावयाचे असेल तर दुसरी वाट धरावी. कारण ज्या लिपीला बाजारात वजन नाही, तिची अडचण मालकाच्या यादीत शेवटी येते. आणि खुल्या साधनात ती अडचण ज्याला टोचते तोच दूर करू शकतो. पुलावर कोणी घर बांधीत नाही, आणि घर बांधून होईपर्यंत पूल मोडण्याचेही कारण नाही.

मात्र खुलेपणा म्हणजे केवळ परवानगी होय. ती घेऊन कोणीतरी कामाला लागावे लागते. मराठी वापरणाऱ्यांनी फुकट मिळाले म्हणून घ्यावे आणि बिघडले की नाव ठेवावे, एवढेच केले तर खुली साधनेही बुजतील. एखादे जोडाक्षर चुकत असेल तर ते कळविणे, शब्दांचे मराठी पर्याय पुरविणे, शुद्धलेखनाच्या शब्दसूचीत भर घालणे, ही कामे मोठ्या विद्वत्तेची नाहीत. शाळेतल्या मुलांनाही ती करता येतील, आणि करता करता ती मुले हत्याराचे केवळ गिऱ्हाईक न राहता कारागीर होतील.

नौबादच्या करेजमध्ये पाणी कोणी नव्याने ओतले नाही. ते जांभ्यात होतेच, प्रत्येक पावसाळ्यात झिरपत होतेच. मधला गाळ तेवढा काढावा लागला, आणि त्यासाठी कमरेला दोर बांधून कोणालातरी अंधारात उतरावे लागले.