कुटुंब वाढलं, घर अपुरं पडतंय: खोली वाढवावी की मजला चढवावा?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात नजर वर केली, तर एक दृश्य हमखास दिसतं. एकमजली घर, त्यावर गच्ची आणि गच्चीच्या कोपऱ्यांतून वर आलेल्या कॉलमच्या गंजलेल्या सळया. ‘पुढेमागे वरचा मजला घेऊ’ म्हणून त्या सोडलेल्या असतात.

ते ‘पुढेमागे’ अचानक समोर येतं. मुलाचं लग्न ठरतं, नातवंडं मोठी होतात, गावाकडचे आईवडील कायमचे राहायला येतात. मग मिस्त्रीला बोलावलं जातं आणि पहिला प्रश्न विचारला जातो, ‘स्क्वेअर फुटाला किती घेणार?’

या प्रश्नाच्या आधी तीन प्रश्न येतात. जागा नेमकी कशासाठी हवी? जुनं घर वाढीव वजन पेलेल का? आणि घर कोणाच्या नावावर आहे? हे सोडून थेट दरावर आलेली कुटुंबं बहुतेकदा अर्ध्या कामात अडकतात.

एक उदाहरण धरून चालू

समजा, साताऱ्यासारख्या शहरात दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर 25 वर्षांपूर्वी बांधलेलं 650 चौरस फुटांचं घर आहे. हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम. घरात आजी-आजोबा, मुलगा-सून, दहावीतली नात आणि लहान नातू. नात हॉलमध्ये अभ्यास करते, टीव्ही बंद ठेवावा लागतो. आजीचे गुडघे दुखतात आणि रात्री बाथरूमला जाताना दोन खोल्या ओलांडाव्या लागतात. कुटुंबाला साधारण 300 चौरस फूट जागा हवी आहे: एक खोली, तिला जोडून बाथरूम आणि थोडी मोकळी जागा.

पर्याय कोणते?

*आतल्या आत फेरबदल.* मोठ्या खोलीत पार्टिशन, पोटमाळा, भिंतीतली कपाटं. सगळ्यात स्वस्त आणि दोन-तीन आठवड्यांत होणारं काम. गरज तीन-चार वर्षांचीच असेल, म्हणजे मुलं शिक्षणासाठी बाहेर जाणार असतील, तर हा पर्याय आधी तपासावा. मात्र भिंत पाडायची असेल तर ती स्लॅबचा भार घेते का, हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय हातोडा लावू नये.

*तळमजल्यावर बाजूला किंवा मागे खोली.* नवी खोली स्वतःच्या पायावर उभी राहते, जुन्या घरावर वजन येत नाही. जिना लागत नाही, त्यामुळे ज्येष्ठांसाठी सोयीची. अट एकच: प्लॉटच्या चारही बाजूंना नियमाने सोडावी लागणारी मोकळी जागा, म्हणजे मार्जिन, शिल्लक राहायला हवी. जुन्या-नव्या बांधकामाच्या सांध्यात पुढे चीर पडू शकते, त्यामुळे तो सांधा नीट आखून घ्यावा लागतो.

*वरचा मजला.* जमीन कमी असेल तर हाच मार्ग उरतो. पण जिना तळमजल्यावरची जागा खातो. मध्ये वळणाऱ्या साध्या जिन्याला साधारण 80 ते 100 चौरस फूट लागतात. म्हणजे वर खोली मिळते, खाली जवळपास एक छोटी खोली जाते. जिना बाहेरून घेतला तर मार्जिनचा प्रश्न येतो.

*गच्चीवर पत्र्याची खोली.* हलकी आणि लवकर होणारी. पण मार्च ते मे तापते, पावसात आवाज करते आणि वादळात पत्रे उडण्याची भीती असते. शिवाय तिलाही परवानगी लागू शकते. ‘पत्रा आहे, बांधकाम थोडंच आहे’ हा समज महागात पडतो.

जुनं घर वरचा मजला पेलेल का?

पाच इंची स्लॅबचं वजन चौरस फुटाला सुमारे 30 किलो भरतं. 300 चौरस फुटांची स्लॅब म्हणजे जवळपास 9 टन. त्यात भिंती. 9 इंची विटेची 10 फूट उंच भिंत एका धावत्या फुटाला 400 किलोच्या आसपास जाते. गच्चीवर 1,000 लिटरची टाकी भरली की आणखी 1 टन. हे सगळं वजन शेवटी जुन्या पायावर येतं.

घर दोन प्रकारचं असू शकतं. एक, कॉलम-बीमवर उभं असलेलं. दुसरं, भिंतींवरच स्लॅब टाकलेलं, ज्याला ‘लोड बेअरिंग’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पाया आणि भिंती किती रुंद आहेत, यावर सगळं अवलंबून असतं. पहिल्या प्रकारातही कॉलम दोन मजल्यांसाठी आखले होते का, हे कागदावर दिसायला हवं. नुसत्या वर आलेल्या सळया हा त्याचा पुरावा नव्हे. वर्षानुवर्षं उन्हापावसात राहून त्या गंजतात, बारीक होतात. अशा सळयांना थेट नवी सळई बांधून काम उरकणं धोक्याचं असतं.

म्हणून परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी. मूळ नकाशा पाहणं, एक-दोन ठिकाणी पाया उघडून मापं घेणं, काँक्रीटची ताकद आजमावण्यासाठी हॅमर टेस्ट, हे त्यात येतं. महाराष्ट्रात हा विषय पुस्तकी नाही. 11 डिसेंबर 1967 ला कोयना आणि 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी, हे दोन भूकंप राज्याने पाहिले आहेत. किल्लारीत जड माथ्याच्या दगडमातीच्या घरांनी सर्वाधिक बळी घेतले.

वजन कमी करण्याचे मार्गही आहेत. विटेऐवजी 6 इंची एएसी ब्लॉक वापरले तर भिंतीचं वजन साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं. गच्चीवरचा जुना ब्रिकबॅट कोबा काढला तर कित्येक टन भार उतरतो. हे ठरवण्याचं काम मात्र इंजिनिअरचं.

खर्चाचं गणित

बांधकामाचा दर गाव, माती, फिनिशिंग आणि हंगाम यांनुसार बदलतो. हिशेब समजण्यासाठी इथे चौरस फुटाला 2,000 रुपये धरले आहेत. इतर आकडेही उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावातली तीन कोटेशन्स घेऊन ते बदलावेत.

तळमजल्यावर खोली:
- बांधकाम, 300 चौरस फूट: 6,00,000
- ड्रेनेज, पाणी, वायरिंग जुन्या घराला जोडणं: 40,000
- आर्किटेक्ट, इंजिनिअर, परवानगी: 40,000
- अचानक येणारा खर्च, 10 टक्के: 68,000
- एकूण: 7,48,000 रुपये

वरचा मजला:
- बांधकाम, 300 चौरस फूट: 6,00,000
- जिना, पाण्याची आणि ड्रेनेजची लाईन: 1,50,000
- तपासणी, आर्किटेक्ट, परवानगी: 70,000
- कॉलम मजबूत करणं, गरज पडल्यास: 2,00,000
- अचानक येणारा खर्च, 10 टक्के: 1,02,000
- एकूण: 11,22,000 रुपये

मिस्त्रीने दोन्ही कामांचा दर सारखाच सांगितला होता. फरक पडला तो दरात न धरलेल्या गोष्टींमुळे. कॉलम मजबूत करावे लागले नाहीत, तर वरच्या मजल्याचा आकडा 9,02,000 वर येतो. म्हणजे तपासणीवरचे काही हजार रुपये दोन लाखांचा निर्णय ठरवतात. दुसरीकडे, वर पूर्ण 650 चौरस फूट बांधायचं असेल तर जिन्याचा खर्च जास्त जागेवर वाटला जातो आणि वरचा मजला परवडू लागतो.

साहित्याच्या भावाची चर्चा खूप होते. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. ठोकताळा असा की चौरस फुटाला 0.4 गोणी सिमेंट लागतं, म्हणजे 300 फुटांना 120 गोण्या. गोणीची करापूर्वीची किंमत 300 रुपये धरली तर गोणीमागे 30 रुपये, एकूण 3,600 रुपये वाचतात. टाईल्स, खिडक्या आणि बाथरूमचे नळ निवडताना यापेक्षा मोठा फरक सहज पडतो.

परवानगी लागते का?

नवी खोली किंवा मजला म्हणजे ‘विकास’, आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार त्याला परवानगी लागते. रंगकाम, गिलावा, फरशी बदलणं अशा किरकोळ दुरुस्त्यांना ती लागत नाही. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडता राज्यात डिसेंबर 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. प्लॉटवर एकूण किती बांधता येईल (चटई क्षेत्र निर्देशांक), मार्जिन किती, उंची किती, हे त्यात ठरतं. छोट्या प्लॉटसाठी प्रक्रिया सोपी केलेली आहे. नगरपालिका किंवा महापालिकेच्या यादीवरचा आर्किटेक्ट हे काम करून देतो.

एक गैरसमज जुना आहे: ‘घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं.’ तसं होत नाही. कर आकारणी वेगळी, परवानगी वेगळी. बिनपरवाना भागाला नोटीस येऊ शकते, तो पाडावा लागू शकतो आणि घर विकताना तोच भाग आडवा येतो. गुंठेवारीतला प्लॉट असेल, तर आधी तो नियमित झाला आहे का ते पाहावं. 2021 च्या दुरुस्तीनंतर 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची संधी दिली गेली.

कर्ज कोणतं घ्यावं?

बँका घर वाढवण्यासाठी वेगळं गृहकर्ज देतात. आधीचं गृहकर्ज चालू असेल तर टॉप-अपही मिळतं. दोन्हींसाठी घराची कागदपत्रं आणि वाढीव बांधकामासाठी मंजूर नकाशा मागितला जातो. कागद नसले की लोक पर्सनल लोनकडे वळतात.

5 लाखांचं गृहकर्ज 9 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 5,071 रुपये येतो. तेवढंच पर्सनल लोन 14 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 11,634 रुपये. पहिल्यात महिन्याचा ताण निम्म्याहून कमी, पण 15 वर्षांत व्याज 4 लाखांवर जातं. दुसऱ्यात व्याज 2 लाखांच्या आत. मधला मार्ग असा: बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज घ्यायचं आणि बोनस किंवा पिकाचे पैसे आले की मुद्दल फेडायचं. अशा कर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही.

प्राप्तिकराची सवलत गृहीत धरून हप्ता ठरवू नये. स्वतः राहत असलेल्या घरावरच्या व्याजाची वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही. जुन्या प्रणालीत बांधकामासाठीची मर्यादा वर्षाला 2 लाख आणि दुरुस्ती-नूतनीकरणासाठी 30,000 रुपये आहे. आपलं काम कशात बसतं, हे सीएकडून आधीच समजून घ्यावं.

घर कोणाच्या नावावर आहे?

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा प्रश्न. घर वडिलांच्या नावावर, वरचा मजला धाकट्याने स्वतःच्या पैशाने बांधला, थोरला पुण्यात. वडील आहेत तोवर कोणी काही बोलत नाही. त्यांच्या पश्चात वाटणीचा विषय निघाला की ‘मजला माझा’ हे सिद्ध करायला कागद नसतो. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर बहिणींचाही भावांइतकाच हिस्सा असतो.

उपाय बांधकामाआधीचे आहेत. कोणी किती पैसे घातले याचा लेखी, नोंदणीकृत करार, वडिलांचं मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, इतर आकार वेगळे. पण बक्षीसपत्र केलं की मालकी लगेच जाते. त्यामुळे आईवडिलांनी आपल्या राहण्याचा हक्क त्यात लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. घाईत केलेल्या सहीनंतर स्वतःच्याच घरात परकं व्हायची वेळ येऊ शकते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं काय?

फ्लॅट बाहेरच्या बाजूला वाढवता येत नाही. बाल्कनी आत घेणं किंवा शेजारचा फ्लॅट घेऊन भिंत काढणं, यासाठी सोसायटी आणि पालिका दोन्हींची परवानगी लागते. बीम-कॉलमला हात लावता येत नाही. त्यामुळे तिथे खरी निवड दोनच: आतले फेरबदल किंवा मोठं घर.

ठेकेदाराशी काय लिहून घ्यावं?

- दर मटेरियलसह की फक्त मजुरीचा
- मोजमाप स्लॅबचं की आतल्या कार्पेटचं
- सिमेंट, सळई, टाईल्स, नळ यांचा दर्जा आणि ब्रँड
- पैसे टप्प्यांनी: पाया, स्लॅब, गिलावा, फिनिशिंग
- शेवटचे 5 ते 10 टक्के एक पावसाळा गळती न होता गेल्यावर

काम दिवाळीनंतर सुरू केलं तर पावसाआधी स्लॅब पडून वॉटरप्रूफिंगही होतं.

मग उदाहरणातल्या कुटुंबाने काय करावं?

दोन गुंठे म्हणजे 2,178 चौरस फूट. मार्जिन सोडूनही मागे जागा निघत असेल, तर त्यांच्यासाठी तळमजल्यावरची खोली योग्य ठरते. ती आजी-आजोबांना, बाथरूम जोडून. त्यांची आताची खोली नातीला. नव्या खोलीचा पाया आणि कॉलम मात्र आत्ताच दोन मजल्यांसाठी आखून घ्यावेत आणि तो नकाशा, इंजिनिअरच्या सहीसह, घराच्या फाइलमध्ये ठेवावा. पाच-दहा वर्षांनी नातू मोठा होईल तेव्हा पुन्हा मिस्त्री येईल. त्या वेळी त्याला दाखवायला गच्चीवरच्या सळयांसोबत हा कागदही हाताशी असेल.